हरणांचे मार्क

"तयार, तात्या?"

"तयार."

"एक, दोन, तीन!"

मी तीन बोटं वर केली. तात्यांनी एक.

आम्ही दोघं हिवरवाडीच्या माळावर, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला पालथे पडलो होतो. पोटाखाली चैत्रातली तापलेली मुरमाड जमीन होती आणि समोर तीन पायांच्या तिकाटण्यावर मोठी दुर्बीण. दुर्बिणीत एक हरणी आमच्याकडे पाठ करून उभी होती. सकाळचं ऊन तिच्या पुठ्ठ्यावर पडलं होतं आणि पुठ्ठा चांगला भरलेला होता. भर उन्हाळ्यात इतकी सुखवस्तू हरणी दिसली म्हणून मी मनातल्या मनात तिचं अभिनंदनसुद्धा केलं होतं.

"तात्या, पुन्हा बघा. पुठ्ठा गोल आहे की नाही?"

"गोल हाय."

"बरगड्या दिसतात?"

"न्हाई दिसत."

"पाठीचा कणा वर आलाय?"

"न्हाई आला."

"मग एक कसा काय?"

तात्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "डॉक्टरीणबाई, तुमी म्हन्ता ते समदं खरं. पर उपाशी हाय वो ती. मला कळतंया की."

मी नुकतीच पशुवैद्यक होऊन काळवीटांच्या पाहणीवर लागले होते. पुस्तकात प्रत्येक अडचणीवर उपाय दिला होता, पण 'मला कळतंया' यावर दिला नव्हता.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला मेलं अवघड. रानातल्या हरणाला पकडून काट्यावर उभं करता येत नाही. पकडायला गेलं तर ते घाबरूनच मरतं. म्हणून त्याला लांबून, मागून बघायचं. पोटाकडे बघायचं नाही, कारण नुकतं पाणी प्यायलेलं मरतुकडं जनावरही गरगरीत दिसतं. पुठ्ठे, माकडहाड, कणा, बरगड्या एवढं बघायचं आणि एक ते पाच यांतला आकडा द्यायचा. एक म्हणजे हाडं आणि कातडं, पाच म्हणजे गोलमटोल. मी दिवसभर हरणांचे पार्श्वभाग न्याहाळते हे मी आईला कधीच सांगितलं नाही. ती आधीच माझ्या लग्नाच्या काळजीत होती.

हिवरवाडीला मात्र दोन दिवसांत सगळं कळलं. मग काय विचारता! लोक म्हशी घेऊन येऊ लागले. "डॉक्टरीणबाई, हिला किती मार्क?" एक सासूबाई तर सुनेला दंडाला धरून घेऊन आल्या. सून लाजून लाल झाली होती.

"हिला किती?"

मी घाबरत म्हटलं, "चार देता येतील."

"ऐकलंस का?" सासूबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या. "आन् तुजा बाप म्हनतुया आमी जेवाय घालत न्हाई!"

या कामाला माणसं दोन लागतात. एकाच्या नजरेवर विसंबायचं नाही, दोघांनी एकमेकांना न विचारता आकडे द्यायचे आणि ते जुळले तरच खरे मानायचे, असा नियम. माझा जोडीदार मकरंद कावीळ होऊन सांगलीला गेला आणि दुसरी नजर म्हणून मी तात्यांना धरलं.

तात्या म्हणजे रंगनाथ लवटे, माझे घरमालक. निवृत्त एसटी कंडक्टर. गच्च भरलेल्या गाडीत बिनतिकिटाचा प्रवासी कोणता हे ज्यानं आयुष्यभर एका नजरेत ओळखलं, त्याची नजर कच्ची कशी असेल? शिवाय त्यांना धरण्यामागे माझा एक डावही होता. गावानं त्या दुष्काळी उन्हाळ्यात हरणांसाठी छावणी काढायची ठरवली होती, आणि ती कल्पना तात्यांची होती. त्यांनीच हरणांना चांगले मार्क दिले की छावणी आपोआप बारगळेल, असा माझा हिशेब. गुरांच्या छावण्या सगळीकडे निघाल्या होत्या, मग हरणांनीच काय घोडं मारलंय? तात्या घरोघर फिरून ज्वारीची पोती, पेंड आणि गूळ गोळा करत होते. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखितीच्या मुहूर्तावर, नारळ फुटायचा होता.

आणि नारळ फुटला की हरणं मरणार होती. वाळलं गवत आणि पाला खाऊन जगणाऱ्या पोटात एकदम ज्वारी पडली की ती आंबते. पोट फुगतं आणि जनावर तडफडून जातं.

"तात्या, गाय धान्याच्या पोत्यात घुसली तर काय होतं?"

"फुगती. मरती."

"मग?"

"थोडं थोडं घालू की. ताटात वाढल्यावानी."

वनक्षेत्रपाल बिडवे हा भला माणूस होता, पण बदलीला आलेला. ते मला म्हणाले होते, "मॅडम, दोघांचे मार्क जुळू द्यात. जुळले तर तुम्ही म्हणाल तसं करू. नाही जुळले तर मी छावणीला हो म्हणणार. एका बाहेरून आलेल्या मुलीच्या शब्दावर मला सबंध गावाशी भांडण घेता येणार नाही."

म्हणून तात्यांचं बोट एकावरून हलणं ही हरणांच्या जिवाची गोष्ट होती. आणि ते हलत नव्हतं.

मला वाटलं, नजर बसली नसेल. दुपारी मी तात्यांना त्यांच्याच वाड्यात नेलं. वाडा म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेली मेंढरांची जागा. मेंढरं तात्यांच्या बायकोची, सुगंधाकाकूंची. तात्या जन्मभर एसटीत, तेव्हा कळप काकूंनीच वाढवला होता, आणि तालुक्यात त्यांच्या एडक्याला मागणी होती. काकू बुटक्या, काटक आणि तोंडानं फटकळ. मला मात्र त्यांनी लेकीसारखं ठेवलं होतं. हिवराच्या शेंगांची पाटी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "घ्या, करा परीक्षा. पर माज्या मेंढरांला नापास केलं तर रातच्याला भाकरी न्हाई!"

मी एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवायला लावून तात्यांना शिकवलं. मग हात न लावता, लांबून. एक, दोन, तीन म्हटलं की दोघांची बोटं वर. आणि काय सांगू, प्रत्येक वेळी जुळली! तीनला तीन, चारला चार. एका लंगड्या मेंढीला दोघांनीही दोनच दिले आणि काकू आम्हा दोघांवर डाफरल्या.

मी आनंदानं उड्या मारल्या. संध्याकाळी माळावर गेलो. दुर्बिणीत पहिली हरणी आली.

"एक, दोन, तीन!"

तात्यांचं एक बोट.

मला रडूच आलं. मी चिडून म्हटलं, "तात्या, तुम्ही मुद्दाम करताय. छावणी व्हावी म्हणून."

तात्यांनी बोट खाली घेतलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझीच लाज वाटली. "आयुष्यात येक तिकीट खोटं फाडलं न्हाई मी," ते म्हणाले. "मला जे दिसतंया तेच दावतुया."

ते खोटं बोलत नव्हते हे मला कळत होतं. आणि घोटाळा असा होता की टेकडीच्या अलीकडच्या अंगाला ते अगदीच चुकतही नव्हते. पलीकडच्या हरणी तिनाच्या होत्या, पण अलीकडच्या, गावाच्या बाजूच्या, जेमतेम दोनच्या. एखादी त्याहून खाली. त्यांच्या पायांत पाडसं होती आणि पावसाला अजून अवकाश होता. पाऊस तर दोन्हीकडे सारखाच रुसलेला. टेकडी ती काय, वळसा घालायला शेंगदाणे खाण्याएवढा वेळ पुरे. मग फरक का?

मी दोन दिवस दुर्बीण हरणांवरून काढून जमिनीवर लावली, आणि उत्तर डोळ्यांसमोर आलं. त्या दिवसांत गवत संपलं की हरणांना आधार असतो तो हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगांचा. वाळल्या की त्या आपोआप खाली पडतात. टेकडीपलीकडे वनखात्याचा चर खणलेला होता, तिथं गुरांना बंदी. झाडाखाली शेंगांचा सडा पडलेला, आणि हरणी तो निवांत टिपत होत्या. अलीकडे एक शेंग म्हणून जमिनीवर दिसेना. सकाळी सकाळी आकडी, म्हणजे टोकाला आकडा असलेली लांब काठी, घेऊन कुणीतरी झाडं झोडपून जायचं आणि मेंढरं शेंगा फस्त करायची. अलीकडच्या हरणी आपली हद्द सोडून पलीकडे जात नसत; ऊन कलल्यावर यायच्या, रिकाम्या जमिनीला हुंगायच्या आणि जायच्या.

दुर्बिणीत आकडीचं टोक दिसलं आणि मी ते ओळखलं. त्याला लाल चिंधी बांधलेली होती, आणि ती चिंधी काकूंच्या जुन्या लुगड्याची होती.

गावात आणखीही कळप होते, पण मोठा कळप काकूंचा. आता हे सांगायचं कसं? जिच्या हातची भाकरी खायची, तिला म्हणायचं की बाई, तुमच्या मेंढरांनी हरणांच्या तोंडचा घास काढलाय? आणि तेही दुष्काळात, जेव्हा ती मेंढरं जगवणं हाच तिचा सगळा संसार? मी ते दोन वेळा गिळलं. आखिती उद्यावर आली तेव्हा तिसऱ्यांदा गिळता येईना.

तात्या मांडव घालायला गेले होते. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी चर, शेंगा, आकडी असं सगळं फिरवून फिरवून सांगायला लागले. सगळ्यांचेच कळप आहेत, पाऊस नाही, वगैरे वगैरे.

"गुळमुळीत बोलू नगंस," काकू भाकरी उलटत म्हणाल्या. "माज्या मेंढरांनी शेंगा खाल्ल्या म्हनून हरणी वाळल्या. आसंच का न्हाई?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तवाच अंगावर येतो. पण काकूंनी भाकरी चुलीतल्या आराला लावली. भाकरी फुगली, करपायला लागली, तरी त्यांचं लक्ष नाही. मीच ती काढली.

"ह्ये समद्यांला एकच बोट का दावत्यात, ठावं हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बहात्तरच्या दुष्काळात माजी थोरली झाली. मी बाळंतीण, आन् घरात दाना न्हाई. अंगावर दूध न्हाई. पोर रडून रडून निळी पडाया लागली. ह्ये तवा खडी फोडाया जायाचे, नोकरी न्हवती लागली. येक दिस दिवस मावळायला खांद्यावर हरणी घिऊन आले. पळाली न्हाई म्हनं. नुस्ती ह्यांच्याकडं बगत हुबी ऱ्हायली. पळायचं बळच न्हवतं तिच्यात. रस्सा केला. मी प्याले. चार दिस त्योच रस्सा प्याले आन् दूध आलं. थोरली जगली."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"तिच्या अंगावर कायसुदिक न्हवतं बग, पोरी. तुज्या हिशेबात..."

"एक," मी म्हणाले.

"एक. तवापासनं ह्या मानसाला हरीण दिसलं की तीच दिसती. म्हनं, आपन त्यांचं खाल्लंय, येकदा त्यांला पोटभर जेवू घालायचं आन् मग डोळं मिटायचं. त्यासाटी हा समदा उटारेटा."

त्या माणसाला मी खोटारडा म्हटलं होतं. मी दुर्बिणीतून हरणाचं हाडन् हाड बघत होते, आणि शेजारी पालथा पडलेला माणूस काय बघतोय हे मला दिसलं नव्हतं.

"रडू नगं," काकू म्हणाल्या. "जेव. करपल्याली ती मला ठेव."

आखितीला माळाच्या पायथ्याशी सगळं गाव जमलं. मांडवात ज्वारीची पोती हळदीकुंकू लावून ठेवलेली, अर्ध्या कापलेल्या पिपांना झेंडूच्या माळा, हलगी वाजत होती. बिडवेसाहेब इस्त्रीच्या गणवेशात आले होते. तात्यांनी नवी टोपी घातली होती आणि नारळ दोन्ही हातांत असा धरला होता, जणू तो आत्ताच फुटेल. मी एका बाजूला उभी होते. आमचे मार्क जुळले नव्हते, तेव्हा माझ्या म्हणण्याला किंमत उरली नव्हती. तरी मी बिडव्यांना शेवटचं सांगून पाहिलं. त्यांनी हताशपणे हात हलवले.

तेवढ्यात हलगीच्या वरताण बें बें ऐकू आलं. गावाकडून धुळीचा लोट येत होता. पुढे एडका, मागे सबंध कळप, कळपामागे बिऱ्हाड लादलेलं घोडं आणि घोड्यामागे कासोटा मारलेल्या सुगंधाकाकू. कळप सरळ मांडवात घुसला. बायका किंचाळल्या, हलगीवाला खांबाला चिकटला.

"मावशी, मेंढरं बाजूला घ्या!" बिडवे ओरडले. "आज उद्घाटन आहे."

"उद्घाटनालाच आणल्यात सायेब," काकू म्हणाल्या.

मग त्या तात्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण हलगी आपोआप थांबली.

"तुमास्नी पंगत घालायची हाय न्हवं?"

"व्हय," तात्या गोंधळून म्हणाले.

"मग पैली पंगत उटल्याबिगार दुसरी बसती का? त्या हिवराखाली त्यांचं ताट रोज वाढल्यालं आसतंया. देवानंच वाढल्यालं. आन् त्येच्यावर बसलुया कोन? आपन. आदी आपलं पान उचला, मग वाढायच्या गोष्टी करा."

तात्यांनी टेकडीकडे पाहिलं, मग कळपाकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "वैनी, पर निघालात कुटं?"

"कालव्याला. भावाच्या गावाला. ऊस तुटलाय, शेंड्याचं हिरवं वाडं पडल्यालं हाय रानात. पाऊस पडंस्तवर तितंच."

"आन् ही ज्वारी?"

"ज्येची त्येनं घरला न्ह्या. आमची दोन पोती घोड्यावर टाका, वाटंला भाकरीला व्हईल."

तात्या पुतळ्यासारखे उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. इतक्या वर्षांची इच्छा, आणि ती मांडवातच विस्कटली. पण ते दोन पावलं पुढे आले, एडक्यासमोरचा एक दगड टोपीनं पुसला आणि नारळ त्याच्यावर हाणला. एका घावात दोन भकलं झाली. पाणी त्यांनी कळपाच्या वाटेवर शिंपडलं, खोबरं बिडव्यांच्या हातात दिलं आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चला, पुढं सरका! फुडं जागा हाय!"

सगळा माळ हसला. मेंढरं मात्र खरंच पुढे सरकली. जन्मात कधी कळपामागे न गेलेला तो कंडक्टर काठी उलटी धरून बायकोच्या मागोमाग चालायला लागला. काकूंनी काठी हिसकून सुलटी करून परत हातात दिली.

दोन-तीन कळपवाले एकमेकांकडे बघत राहिले. "च्यायला," त्यातला एक म्हणाला, "आपलीबी न्यावी लागत्याल की आता. म्हातारीनं लाजच काढली." आणि तो बिऱ्हाड बांधायला घराकडे वळला.

बिडवे हातातलं खोबरं खात माझ्याजवळ आले. "मॅडम, मग मार्क काय लिहायचे?"

"थांबा," मी म्हटलं. "पावसापर्यंत थांबा."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी टेकडीच्या अलीकडे जाऊन बसायची. दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मार्क द्यायचे नव्हते, नुसतं बघायचं होतं. झाडाखाली शेंगा साठू लागल्या. हरणी यायच्या, लांब उभ्या राहायच्या, कान टवकारायच्या. त्यांचा विश्वास बसत नसावा. आणि मग एका संध्याकाळी एक म्हातारी हरणी हळूच हिवराखाली आली, मान खाली घातली आणि खायला लागली. तिच्यामागून दुसरी, मग पाडसं, मग सगळा कळप. शेंगा चावल्याचा बारीक कुडुमकुडुम आवाज माझ्यापर्यंत येत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून मी मोकळेपणानं हसले आणि रडलेही.

पण हे बघायला हवं होतं ते तात्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. कालव्याकडची गाडी आली. कंडक्टर तरणा होता, पण तात्यांचं नाव घेताच त्यानं घंटेच्या दोरीवरचा हात काढला. मी त्याला म्हटलं, "तात्या लवटे मेंढरं घेऊन तिकडं उतरलेत. त्यांना निरोप द्या, पाहुणे आले. सगळे जेवायला बसलेत."

"आनि काय?"

"बास, एवढंच."

तीच गाडी दुपारून परत आली. मी फाट्यावरच्या झाडाखाली वाट बघत होते. त्या पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दिला वो निरोप! तात्या सडकंकडंच्या उसाच्या फडात उभं हुतं. ऐकलं आन् खालीच बसलं. मला वाटलं, कोन पाहुनं आसत्याल येवढं! मग म्हनले, डॉक्टरीणबाईंना पाहुन्यांला माजा निरोप सांगाया लाव."

"काय निरोप?"

"म्हनले, त्यांला म्हनावं, सावकाश हूं द्या."

गाडी निघून गेली. ऊन कलल्यावर मी माळावर गेले. हिवराखाली पंगत बसलेली होती. मी शक्य तितकी जवळ सरकले आणि त्या दचकू नयेत म्हणून अगदी हळू आवाजात तात्यांचा निरोप सांगितला.